शेठच्या गाडीचे स्टिअरिंग आणि आपले हात

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. रविवारी विहारात वंदना आटोपली आणि माझा पुतण्या बाजूला येऊन उभा राहिला. चेहरा पडलेला. तो दक्षिण मुंबईत एका शेठकडे ड्रायव्हर आहे. म्हणाला, "काका, शेठच्या नव्या गाडीचे स्टिअरिंग काळे पडले. दोन्ही बाजूंना चिकट, चकचकीत झाले आहे. शेठ म्हणतात, तुझ्या हातांनी वाट लावली. नवीन बसवायचे पैसे पगारातून कापणार म्हणतात."

पगार कापण्याची भीती होतीच. पण पोराला लागले होते ते 'तुझ्या हातांनी' हे शब्द. आपल्या हातांविषयी असे काही ऐकले की आपल्या माणसाच्या मनात काय काय जागे होते, ते या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगायला नको. महाडला १९२७ साली तळ्याच्या पाण्याला हात लावायचा म्हणूनच तर एवढे रामायण झाले. शेठच्या मनात तसे काही होते की नव्हते, मला माहीत नाही. कदाचित नसेलही. पण स्टिअरिंग का खराब होते हे मला चांगले माहीत आहे, कारण गाड्यांच्या सीटा आणि कव्हरे शिवण्यात माझी बावीस वर्षे गेली. तेच आज लिहितो. आपली किती तरी मुले दुसऱ्यांच्या गाड्या चालवून घर चालवतात, त्यांच्या उपयोगी पडेल.

आधी हे स्टिअरिंग कशाचे असते ते समजून घ्यावे. हात फिरवला तर मखमलीसारखे लागते, बारीक लव असते. पुष्कळ ड्रायव्हर त्याला चामडे समजतात. खरे स्वेड म्हणजे कातड्याची आतली बाजू घासून काढलेली लव. पण आजकालच्या बहुतेक महाग गाड्यांत असते ते चामडे नव्हे. ते कारखान्यात तयार झालेले कापड आहे. जपानमधल्या तोरे या कंपनीत मियोशी ओकामोतो नावाच्या शास्त्रज्ञाने १९७० साली ते शोधून काढले. पुढे इटलीत 'अल्कांतारा' या नावाने त्याचे उत्पादन सुरू झाले. जपानी माल 'अल्ट्रास्वेड' म्हणून ओळखला जातो. पोर्शेवाले आपल्या गाडीतल्या अशा कापडाला 'रेस-टेक्स' म्हणतात. पॉलिस्टरचे तंतू, डोक्याच्या केसापेक्षा कितीतरी पटीने बारीक, एकमेकांत सुयांनी गुंतवायचे आणि पॉलियुरेथेनने बांधायचे, मग वरून घासून लव काढायची, असा हा प्रकार. त्यात जनावराचा अंशही नाही. ज्यांच्या आज्या-पणज्यांना मेलेली ढोरे ओढावी लागली, त्या आपल्या घरातल्या मुलाच्या हाती आज हे कापड आले आहे, एवढीच काय ती गंमत.

आता हे कापड स्टिअरिंगला आले कुठून? मोटारींच्या शर्यतींतून. शर्यतीचा ड्रायव्हर हातमोजे घालतो. गुळगुळीत चामड्यावरून मोजा सरकतो, लवेवर पकड बसते. शिवाय लव चमकत नाही, त्यामुळे डोळ्यांवर तिरीप येत नाही. मोमो, स्पार्को यांची शर्यतीची स्टिअरिंगे म्हणूनच स्वेडची मिळतात. म्हणजे ही वस्तू मुळात मोजे घातलेल्या हातांसाठी, थोड्या वेळाच्या धावेसाठी. आपण ती मुंबईच्या दमट हवेत, उघड्या तळव्यांनी, रोज आठ-दहा तास हाताळतो. मग ती मळणार नाही तर काय होणार? शेठने स्वतः तेवढा वेळ चालवली असती तरी तसेच झाले असते. घाम सगळ्यांना येतो, त्यात मीठ असते. माणसाच्या कातडीला तेल सुटते. ते तेल, घामाचे मीठ आणि रस्त्याची धूळ लवेत शिरते, तंतू एकमेकांना चिकटतात आणि वरून हात फिरत राहिल्यामुळे एका बाजूला चापून बसतात. हीच ती काळी चकाकी.

नीट लक्षात घ्यावे : चकाकी म्हणजे झीज नव्हे. तो मळ आहे, आणि मळ निघतो. पण तो तसाच राहू दिला तर चिकटलेले तंतू घासून घासून तुटतात, बारीक गोळे येतात, मग टक्कल पडते. टक्कल पडले की ती झीज. ती कोणत्याही औषधाने भरून येत नाही. म्हणून कुणी 'स्टिअरिंग गेले' म्हणाले तर आधी मऊ ब्रश फिरवून पाहावा. लव उठत असेल तर ते गेलेले नाही.

साफ करण्याची रीत खर्चाची नाही. लहान मुलाचा मऊ टूथब्रश नवा घ्यावा. पांढऱ्या सुती कापडाचे तीन-चार तुकडे घ्यावेत. आपल्या घरात पांढऱ्या सुती कपड्यांचा तोटा नसतो, विरलेली साडी किंवा सदरा चालेल. रंगीत फडके नको, त्याचा रंग उतरतो. छापील कागद, वर्तमानपत्र तर नकोच. दोन पातेल्यांत स्वच्छ पाणी, एकात कोमट, एकात साधे.

गाडी सावलीत लावून बंद करावी. प्रथम कोरडा ब्रश हलक्या हाताने सगळीकडे फिरवून धूळ उडवावी. ही पायरी चुकवू नये. धुळीवर पाणी पडले की तिचा चिखल होऊन आत बसतो. नंतर फडके कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळावे. इतके घट्ट की मुठीत दाबले तरी थेंब पडू नये. तळव्याएवढा भाग घेऊन एकाच दिशेने पुसावे, फडके दुसऱ्या पाण्यात खळबळून पुन्हा पिळावे, पुन्हा पुसावे. पहिल्यांदा फडक्यावर जो काळा रंग येतो तो पाहून पुतण्या घाबरला होता, त्याला वाटले कापडाचाच रंग निघाला. तो मळ असतो. फडके स्वच्छ निघेपर्यंत हेच करावे. चोळू नये, दाबून रगडू नये. घाईने रगडणारे लोक एका दिवसात सहा महिन्यांची झीज करतात.

नुसत्या पाण्याने भागले नाही तर अर्ध्या बादलीत बाळाच्या शाम्पूचे किंवा लोकरी कपड्यांच्या पातळ साबणाचे चार थेंब टाकावेत आणि वरचा फेस तेवढा फडक्यावर घ्यावा. कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण, ब्लीच यांना हात लावू नये. साबण लावला तर साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसून काढावा. साबण राहिला तर तो नवी धूळ ओढतो, आणि महिन्याभरात स्टिअरिंग आधीपेक्षा काळे होते.

मग कोरड्या फडक्याने टिपावे आणि रात्रभर वाळू द्यावे. काच थोडी खाली ठेवता आली तर बरे. केस वाळवण्याचे यंत्र नको, ऊन नको. पूर्ण सुकल्यावर ब्रश हलकेच गोल गोल फिरवावा, म्हणजे बसलेली लव उठून उभी राहते. ओल्यावर ब्रश मारला तर तंतू ओढले जातात. आठवड्याला एकदा कोरडा ब्रश आणि महिन्याला एकदा ओले फडके, एवढ्यावर स्टिअरिंग वर्षानुवर्षे टिकते. पावसाळ्यात ओल राहू देऊ नये. कपाटात ठेवलेल्या बुटाचा तळ एक-दोन पावसाळ्यांनी भुसभुशीत होतो ना, तो पुष्कळदा याच पॉलियुरेथेनचा असतो.

पाणी कधीही ओतू किंवा फवारू नये. मधल्या भागात हॉर्नच्या तारा आणि एअरबॅग असते. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली आहे. यावरून एक गोष्ट सांगून टाकतो, राग मानू नये. आपली काही मुले स्टिअरिंगच्या मध्यभागी बाबासाहेबांचा बिल्ला किंवा अशोकचक्र चिकटवतात. श्रद्धा समजते. पण टक्कर झाली की ती बॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुटून बाहेर येते आणि तो बिल्ला तोंडावर आदळतो. दुसरी जागा शोधावी.

आता हातांबद्दल. तंबाखू मळणाऱ्यांनी हे वाचावेच. चुना दाहक असतो, तोंडाला लागतो तसा कापडालाही लागतो, आणि त्याची भुकटी लवेत बसली की निघता निघत नाही. तंबाखू सोडा असे मी सांगून थकलो. निदान मळल्यावर हात धुवावेत. २०२० च्या करोनापासून गाडीत सॅनिटायझरची बाटली आली. ते हाताला लावून लगेच स्टिअरिंग धरले की त्यातले ग्लिसरीन लवेला चिकटते. हात पुरते सुकू द्यावेत. केसांना खोबरेल लावल्यावर, वडापाव खाल्ल्यावरही तसेच. आणि १५ एप्रिलची सकाळ! जयंतीच्या मिरवणुकीतला निळा रंग नखांत राहतो. तो स्टिअरिंगला लागला तर ओले फडके मुळीच लावू नये, नाहीतर निळे डाग कायमचे. आधी कोरड्या ब्रशने झाडावे, मिळाल्यास व्हॅक्यूमने ओढून घ्यावे. अंगठी, मनगटातले कडे यांनीही लव ओरबाडली जाते.

चहा सांडला तर ताबडतोब टिपावा, कडेकडून मध्याकडे, मग कोमट पाणी. डाग राहिलाच तर लिंबाचे दोन थेंब फडक्यावर घेऊन टेकवावेत आणि पाण्याने पुसून काढावे. तेलाच्या डागाला औषधाच्या दुकानातले स्पिरिट फडक्यावर किंचित घेऊन टिपावे, पण आधी खालच्या न दिसणाऱ्या जागी लावून पाहावे. रक्ताला थंडच पाणी, गरम पाण्याने ते गोठून बसते. च्युइंगमवर बर्फ ठेवून ते कडक करावे आणि उचलावे. डॅशबोर्ड चमकवायचा फवारा, चामड्याचे क्रीम, थिनर, पेट्रोल यांपैकी काहीही लावू नये. मी पाहिलेली निम्मी स्टिअरिंगे घामाने नव्हे, या 'पॉलिश'ने गेली.

स्टिअरिंग खऱ्या चामड्याच्या स्वेडचे असेल तर मात्र पाण्याची रीत चालत नाही. तिथे कोरडा ब्रश आणि स्वेडचा खोडरबर एवढेच. कोणते आहे ते गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. पुस्तिका इंग्रजीत असली तर घरातल्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्यावी.

ज्यांची स्वतःची टॅक्सी आहे त्यांना हे सगळे श्रीमंतांचे चोचले वाटतील. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीचे स्टिअरिंग कडक आणि बारीक असे, ओल्या फडक्याने पुसले की झाले. ती टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. आता बाजारात मखमली कव्हर मिळते ते आपण हौसेने चढवतो. ते काढून सौम्य साबणात हाताने धुवावे आणि सावलीत वाळवावे. पण सैल कव्हर वळणावर हातात फिरते, ते फेकून द्यावे. शेठच्या लवेच्या स्टिअरिंगवर तर कव्हर चढवूच नये, आतून घासून तेच टक्कल पाडते.

पुतण्याने तीन रविवार हे काम केले. शेठला सांगून, त्यांच्याच गॅरेजमध्ये. डावी बाजू जवळपास नव्यासारखी झाली. उजवीकडे अंगठ्याखाली रुपयाएवढे टक्कल राहिले, ते राहणारच होते. त्याने शेठला फडक्याचा काळा तुकडा दाखवला आणि शांतपणे सांगितले, "साहेब, हा घाम माझाही आहे आणि शनिवार-रविवारी गाडी चालवता तो तुमचाही आहे. महिन्याला एकदा साफ करायचे असते, ते मला कुणी सांगितले नव्हते. आता मी करीन." शेठ काही बोलले नाहीत. पगार पूर्ण आला.

फारच टक्कल पडले तर कुशल कारागीर नवे कापड वाकड्या सुईने हाताने शिवून चढवतो, सगळे स्टिअरिंग बदलण्याची गरज नसते. फक्त ते एअरबॅगची माहिती असलेल्या मेकॅनिककडूनच काढून घ्यावे.

आणि नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी, किल्ली हातात घेताच, स्टिअरिंग, सीट आणि दारे यांचे मोबाईलवर फोटो काढून मालकाला पाठवून ठेवावेत. पुतण्याने आता ते सुरू केले आहे.