पाच मित्रांची अखेरची तबकडी

भाऊभाऊ वेगळे होण्याची वेळ जवळ आली की सामाईक शेताकडे दुर्लक्ष होऊ लागते. नांगरट वरवरची होते, बांध फुटला तर तो कोणी घालावा ह्यावरून बोलाचाली होते, हा प्रकार आपल्या पाहण्यातला आहे. ह्याच्या अगदी उलट घडल्याचे एक उदाहरण आज सांगावयाचे आहे. ते शेतीचे नसून संगीताचे आहे, आणि घडले ते इंग्लंडात.

लंडनच्या उत्तरेस सुमारे वीस मैलांवर सेंट ऑल्बन्स हे जुने नगर आहे. ब्रिटनचा आद्य रक्तसाक्षी संत आल्बन ह्याच्या नावाने ते ओळखले जाते. तेथील कॅथीड्रलच्या गायनवृंदात (हे मंदिर आता अँग्लिकन पंथाकडे आहे) रॉड आर्जंट नावाचा एक मुलगा गात असे. १९६१ साली त्याने काही शाळकरी मित्र जमवून बीट संगीताचा एक चमू उभारला. गळा कॉलिन ब्लनस्टोन ह्याचा, गिटार पॉल ॲटकिन्सन ह्याची, ड्रम ह्यू ग्रंडी ह्याचे. पुढे ख्रिस व्हाइट बास गिटार घेऊन त्यांस मिळाला. चमूचे नाव ठेवले 'द झॉम्बीज', म्हणजे मरूनही हिंडणारी प्रेते! नाव अभद्र आहे खरे. परंतु नावावरून त्यांचे संगीत जोखणाऱ्याची फसगत होईल. एवढे मृदू, एवढे सुरेल गाणारे चमू त्या काळी थोडेच होते.

१९६४ साली त्यांचे पहिलेच गाणे अमेरिकेत गाजले. त्यानंतरची बहुतेक गाणी मात्र पडत गेली. त्यातच पैशाची एक अडचण होती, आणि ती कोणाच्या लबाडीने नव्हे तर धंद्याच्या रीतीने आलेली होती. गाणे ज्याने रचले त्यास मानधनाचा वेगळा हिस्सा मिळतो. गाणी रचीत ती आर्जंट आणि व्हाइट. बाकीच्या तिघांचे पोट मुख्यतः रंगमंचावरील कार्यक्रमांवर, आणि ते कार्यक्रम तर घटत चाललेले. एकाच गाडीतून हिंडणाऱ्या पाच मित्रांपैकी दोघांच्या हाती पैसा आणि तिघांचे खिसे रिकामे, ही स्थिती किती दिवस टिकणार? चमू मोडणार हे दिसू लागले. तेव्हा आर्जंट व व्हाइट ह्यांनी ठरविले की, मोडण्यापूर्वी एक मोठी तबकडी अशी करावी की जी सर्वस्वी आपल्या मनासारखी असेल.

सीबीएस कंपनीने त्यासाठी एक हजार पौंड दिले. ही रक्कम फार नव्हती. १९६७ च्या जून महिन्यात काम सुरू झाले ते बहुतेक ॲबी रोड येथील ध्वनिमुद्रणगृहात. हे गृह तेव्हा ईएमआय कंपनीचे होते. आपल्याकडे कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचे चित्र असलेल्या ज्या तबकड्या घरोघरी होत्या, त्यांचे मूळ घराणे हेच. बीटल्स ह्यांनी आपली 'सार्जंट पेपर' ही तबकडी तेथेच थोड्या आठवड्यांपूर्वी पुरी केली होती. पैसे मोजके असल्यामुळे आमच्या ह्या पाच जणांनी आधी गाण्यांची कसून तालीम केली, आणि मगच मुद्रणगृहात पाऊल टाकले. व्हायोलिनवादकांचा ताफा बोलाविणे परवडण्यासारखे नव्हते. तेथे जॉन लेनन ह्यांचे मेलोट्रॉन पडून होते, तेच आपण वापरले, असे आर्जंट सांगतात. मेलोट्रॉनची पट्टी दाबली की आत आधीच मुद्रित केलेल्या तंतुवाद्यांचा किंवा बासरीचा सूर उमटतो.

तबकडीवर बारा गाणी आहेत. पहिले गाणे म्हणजे एक पत्रच आहे. तुरुंगातून लवकरच सुटणाऱ्या प्रेयसीस तिचा प्रियकर ते लिहितो, आणि चाल मात्र सणाच्या दिवसासारखी आनंदी! परंतु मला विशेष वाटते ते 'बुचर्स टेल' हे गाणे. पहिल्या महायुद्धात गेलेला एक साधा खाटीक आघाडीवर भीतीने थरथरत आपली हकीकत सांगतो. ते ब्लनस्टोन ह्यांच्या रेशमी गळ्याऐवजी व्हाइट ह्यांनी स्वतःच्या कापऱ्या आवाजात गायिले, आणि साथीस घेतले भात्यावर चालणारे एक जुने वाद्य, आपल्या पायपेटीच्या जातीचे. ज्यांनी पायपेटीवर मृतांच्या मिस्साची गीते ऐकली आहेत, त्यांस तो सूर ओळखीचा वाटेल. आणखी एका गाण्यात पियानो आणि कंठ ह्यांवाचून काहीच नाही. तेथे एकावर एक चढत जाणारे आवाज ऐकताना कॅथीड्रलमधला तो मुलगा पुन्हा भेटतो.

काम संपत आले तेव्हा कंपनीने कळविले की, एका कर्ण्याच्या 'मोनो' आवृत्तीबरोबर दोन कर्ण्यांची 'स्टीरिओ' आवृत्तीही पाहिजे. पैसे तर संपलेले. आर्जंट व व्हाइट ह्यांनी तो खर्च पदरचा केला. वेष्टनाचे चित्र व्हाइट ह्यांच्या बिऱ्हाडात राहणाऱ्या चित्रकार मित्राने काढले. चित्र सुंदर, पण 'ओडिसी अँड ओरॅकल' ह्या नावातील 'ओडिसी'चे इंग्रजी स्पेलिंग चुकले, आणि ध्यानात आले तेव्हा उशीर झाला होता. ही चूक नसून मुद्दाम केलेला श्लेष आहे, असे आर्जंट ह्यांनी सांगून टाकले. छापखान्याशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांनी ह्या युक्तीस हसू नये!

१९६७ च्या डिसेंबरात चमू मोडला. तबकडी १९६८ च्या एप्रिलमध्ये निघाली आणि तिच्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. ब्लनस्टोन एका विमा कचेरीत कामास लागले. पुढे अल कूपर ह्या अमेरिकन संगीतकारास ती लंडनमध्ये मिळाली, आणि त्यांनी आग्रह धरल्यामुळे ती अमेरिकेत निघाली. व्हिएतनामचे युद्ध चालू होते, म्हणून तेथे आधी खाटकाचे गाणे काढण्यात आले. ते पडले. मग 'टाइम ऑफ द सीझन' काढले, आणि १९६९ साली ते 'बिलबोर्ड'च्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेले. माझ्या मते हे तबकडीवरील सर्वांत चांगले गाणे नव्हे. ते गाताना थकलेले ब्लनस्टोन आणि शिकविणारे आर्जंट ह्यांची चांगलीच खडाजंगी झाली होती.

आता अमेरिकेत मागणी झाली, पण चमू होता कोठे? तेव्हा काही लोकांनी भलतीच पोरे उभी करून त्यांस 'झॉम्बीज' म्हणून गावोगाव नाचविले. खऱ्या पाच जणांस पुन्हा एकत्र येण्यासाठी पैशाचे आमिष दाखविण्यात आले. आर्जंट व व्हाइट नव्या चमूच्या तयारीस लागले होते. कोणीही परतला नाही.

सबंध तबकडी त्यांनी रंगमंचावर सादर केली ती २००८ साली लंडनमध्ये, प्रकाशनानंतर चाळीस वर्षांनी. आर्जंट, ब्लनस्टोन, व्हाइट आणि ग्रंडी असे चौघे त्या रात्री उभे राहिले. गिटार दुसऱ्याच्या हाती द्यावी लागली. ॲटकिन्सन २००४ सालीच वारले होते.