करवत आणि सुताची रेघ

धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या जुन्या माळवदाच्या घरात भर दुपारी पाठ टेकून वर पाहिले म्हणजे नजरेस कडीपाट पडतो. भिंतीपासून तुळईपर्यंत ओळीने गेलेल्या कड्या, कड्यांवर शेजारी शेजारी बसविलेल्या फळ्या, आणि त्या फळ्यांच्या वर, डोळ्यांआड, दीड-दोन फूट मातीचा थर. बाहेर उन्हाने अंगाची लाही होत असताना घरात जो गारवा असतो, तो या मातीचा होय. परंतु ती माती खाली निजलेल्या माणसाच्या अंगावर झिरपत नाही, याचे श्रेय मात्र दोन फळ्यांमधील सांध्याला दिले पाहिजे. दोन्ही फळ्यांच्या कडा सरळ असल्या तरच त्या एकमेकींस भिडतात. एकीची कड वाकडी गेली की तेथे फट राहते. फटीतून माती गळते, मातीच्या मागोमाग पावसाचे पाणी येते, आणि पाण्याने कडीचे लाकूड कुजू लागते. एका वाकड्या कापाचे मोल घराला अशा रीतीने पुष्कळ वर्षे द्यावे लागते.

ही सरळ कड, यंत्रे गावोगाव पोहोचली नव्हती त्या काळी, एकाच हत्याराने काढली जाई. ते हत्यार म्हणजे करवत. रंधा तिच्यामागून येतो. पण रंध्याने केस-दोन केस लाकूड निघावे, बोटभर वाकडेपणा निघू नये. फळीचे भवितव्य करवतीनेच ठरते.

करवत हा शब्द संस्कृतातील ‘करपत्र’ या शब्दापासून आला आहे. हातात धरावयाचे पाते असा त्याचा अर्थ. हत्यार फार प्राचीन आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननात धातूच्या करवती सापडल्या आहेत. मराठी घरात तर तिचे रूप इतके ओळखीचे की लुगड्याच्या काठावर तिच्या दातांची नक्षी उतरली आणि त्या लुगड्याला करवतकाठी हे नाव पडले. जे हत्यार सर्वांनी पाहिलेले असते, त्याच्याविषयी विचार करण्याचे सहसा कोणास सुचत नाही. करवत ही दात असलेली सुरी आहे, जोर लावला की लाकूड कापले जाते, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती बरोबर नाही.

लाकूड हे उभ्या तंतूंच्या जुडीसारखे असते. वैरणीची पेंढी आडवी तोडावयाची झाली तर प्रत्येक ताट कापावे लागते. तीच पेंढी उभी दुभागावयाची झाली तर ताटांमधून वाट काढली की पुरते. लाकडाचेही तसेच. म्हणून करवतीचे दात दोन प्रकारांनी घासतात. फळी उभी, म्हणजे तंतूंच्या दिशेने चिरावयाची असेल, तेव्हा प्रत्येक दात इवल्याशा पटाशीसारखा सपाट धारेचा ठेवतात. असा दात तंतूंतून लाकडाचा बारीक कपचा उचलून बाहेर टाकतो. फळी आडवी कापावयाची असेल, तेव्हा दाताच्या कडेला तिरकी धार देतात. मग तो सुरीच्या टोकासारखा तंतू दोन्ही बाजूंनी छेदतो आणि मधला भुसा खरवडून निघतो. उभ्या चिरण्याच्या करवतीला इंचात ४ ते ६ दात असतात. आडव्या कापाच्या करवतीला ८ ते १२. एकीचे काम दुसरीवर लादले तर उभी करवत आडव्या कापात लाकडाच्या चिंध्या करते, आणि आडवी करवत उभ्या चिरीत भुशाने चोंदून बसते.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. करवतीचे पाते डोळ्यासमोर उभे धरून दातांच्या ओळीवरून पाहिले तर दात एका रेषेत दिसत नाहीत. एक किंचित उजवीकडे वाकविलेला, पुढचा किंचित डावीकडे, असा क्रम टोकापर्यंत चालतो. त्यामुळे पडणारी चीर पात्याच्या जाडीहून थोडी रुंद पडते आणि पाते तीत मोकळे फिरते. दात असे वाकविलेले नसतील तर चार बोटे खोल गेल्यावर लाकूड पात्याला दोन्ही बाजूंनी आवळते आणि करवत अडकून बसते. चीर पात्याच्या जाडीच्या दीडपटीहून रुंद होऊ देऊ नये. अधिक रुंद झाली तर लाकूड आणि श्रम दोन्ही वाया जातात, शिवाय मोकळ्या चिरीत पाते डुलू लागते. ओल्या लाकडाला दात थोडे अधिक उघडावे लागतात, सुक्या व कठीण लाकडाला कमी.

नवशिक्याची फसगत होते ती येथेच. एका बाजूचे दात दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त वाकलेले असले, किंवा कानशीने जास्त तीक्ष्ण झालेले असले, तर करवत त्या बाजूला आपोआप ओढली जाते. कापणाऱ्याला वाटते, आपला हात वाकडा. तो हात आवळून धरतो, पाते पिळतो, आणि काप आणखी बिघडतो. जाणता सुतार अशा वेळी हाताला दोष देत नाही. तो करवत आडवी ठेवतो, ज्या बाजूला ती पळते त्या बाजूच्या दातांवरून दगड हलकेच एकदा फिरवितो, आणि पुन्हा कापून पाहतो.

पात्याच्या चालीचाही विचार आहे. जे पाते ओढताना कापते ते ताणले जाते, आणि ताणलेली वस्तू सरळ राहते; म्हणून ते पातळ असले तरी चालते. जे पाते ढकलताना कापते ते दाबले जाते. ते पातळ असेल तर मधेच वाकेल, म्हणून त्याला जाडी द्यावी लागते. जपानी करवत ओढून कापते. आपल्या बाजारात सामान्यतः मिळणारी, मुठीकडे रुंद व टोकाकडे निमुळती करवत ढकलून कापते. ओंडक्याच्या फळ्या पाडण्याचा मोठा आरा दोघांनी ओढावयाचा. ओंडका उंच घोडीवर किंवा खड्ड्यावर ठेवतात. एक जण वर उभा राहतो, एक जण खाली. खालचा कापाचा जोर लावतो आणि डोळ्यांत भुसा झेलतो. वरचा आरा उचलून घेतो आणि रेषा सांभाळतो. या जोडीत मान वरच्याचा असे, याचे कारण बळ नव्हे, नजर होय.

आता त्या रेषेकडे वळले पाहिजे. सुतार हा शब्द ‘सूत्रधार’ या शब्दापासून आला आहे. ज्याच्या हाती सूत तो सुतार. धंद्याचे नाव करवतीवरून पडले नाही, वाकसावरून पडले नाही, रंध्यावरूनही पडले नाही. ते दोऱ्यावरून पडले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. सूत गेरूच्या पाण्यात भिजवितात, फळीच्या दोन टोकांवर ताणून धरतात, मधोमध चिमटीने सरळ वर उचलून सोडतात. टणत्कार होतो आणि लाकडावर तांबडी रेघ उमटते. ताणलेल्या दोऱ्याला वाकडे जाता येत नाही. म्हणून ही रेघ कोणत्याही हाताने ओढलेल्या रेघेपेक्षा खरी असते. आखूड आडव्या कापासाठी सुताऐवजी गुण्या लावून टोकदार सळईने रेघ ओरखडतात. त्या ओरखड्याने वरचे तंतू आधीच तुटतात आणि कापाची कड फाटत नाही.

रेघ उमटल्यावर करवत कशी धरावी? फळी गुडघ्याच्या उंचीवर पक्की ठेवावी. डाव्या हाताच्या अंगठ्याचे पेर रेघेशी टेकवावे आणि त्याच्या आधाराने पाते एक-दोनदा आपल्याकडे हलकेच ओढून खाच पाडावी. करवत रेघेवर न ठेवता रेघेला लागून, टाकाऊ बाजूस ठेवावी. चिरीची रुंदी नेहमी टाकाऊ भागातून जावी, नाहीतर फळी मापाला तेवढी कमी भरते. मनगट, कोपर आणि खांदा पात्याच्या सरळ रेषेत यावेत, आणि कापणाऱ्याची नजर पात्याच्या दोन्ही बाजू सारख्या दिसतील अशी वरून असावी. उभ्या चिरीत करवत फळीशी सुमारे ६० अंशांत धरतात, आडव्या कापात सुमारे ४५ अंशांत. हात पुरा लांबवून पात्याची सारी लांबी वापरावी. आखूड झटक्यांनी मधलेच दात झिजतात. दाबू नये, करवतीच्या वजनाने कापेल तेवढे कापू द्यावे. लांब चीर मागे मिटू लागली तर तीत लाकडाची लहानशी पाचर सारावी. काप रेघेबाहेर जाऊ लागला तर पुढे जाऊन पाते पिळू नये. जेथून चूक सुरू झाली तेथवर मागे येऊन, पाते थोडे आडवे करून, तेथूनच नवी वाट धरावी. आणि शेवटच्या दोन बोटांत वेग कमी करून सुटणारा तुकडा हाताने पेलावा, नाहीतर तो स्वतःच्या भाराने फाटतो आणि सारा चांगला काप टोकाशी विद्रूप होतो.

धाराशिव जिल्ह्यात या विद्येचा वारसा जुना आहे. तेरणेकाठचे तेर, संत गोरोबाकाकांचे गाव, हेच प्राचीन तगर नगर. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगराहून कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराला जात असे, असा उल्लेख आहे. जेथे इतक्या लांबच्या पल्ल्याच्या गाड्या, तेथे सुताराला उसंत नसणार. तेथील विटांच्या उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट आज गावातील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात ठेवलेली आहे. कोरीव कामाकडे सर्वांचे लक्ष जाते. परंतु नक्षीच्या आधी त्या लाकडाला सरळ बाजू काढाव्या लागल्या असतील, हे पाहणाऱ्याने विसरू नये.

या कामाचे खरे मोल जिल्ह्याला फार कठोर रीतीने कळले. माळवदाच्या छपराचा भार किती असतो याचा हिशेब करावा. १० फूट लांब व १० फूट रुंद खोलीवर दीड फूट माती म्हणजे १५० घनफूट; घनफुटास ४५ किलो वजन धरले तरी पावणेसात टन होतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनानंतरच्या रात्री, लोक गाढ झोपेत असताना भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर व भोवतालची गावे जमीनदोस्त झाली. सात हजारांहून अधिक माणसे गेली. सर्वांत घातक ठरल्या त्या चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती. आतला आणि बाहेरचा थर एकत्र बांधणारे लांब दगड त्यांत नसल्याने त्या उभ्या फुटल्या आणि आत-बाहेर कोसळल्या. काही घरांत मात्र भिंती ढासळूनही खांब-तुळयांचा सांगाडा माथ्यावरचा भार तोलून उभा राहिला. इतरत्र तो कलंडला, कारण बाजूने बसणारा धक्का अडविणारे त्यात काही नव्हते.

यावर पुढे अभियंत्यांनी जे उपाय सांगितले त्यांत छपरावरील मातीचा थर कमी करणे हा एक होता, आणि खांब व तुळई यांच्या कोनात लाकडाचे तिरपे आधार बसविणे हा दुसरा. हा तिरपा आधार दिसावयास अगदी साधा आहे. परंतु त्याची दोन्ही टोके नेमक्या कोनात, सरळ कापलेली असली तरच त्याचे लाकूड खांबाला आणि तुळईला पुरते भिडते आणि भार लाकडावरून लाकडावर जातो. टोक वाकडे कापले गेले, अंगुळभर फट राहिली, तर सारा भार खिळ्यांवर येतो. आणि खिळा लाकूड फाडून निघण्यास एक धक्का पुरतो. चांगल्या करवतीने चिखलाची भिंत वाचत नाही, हे खरेच. पण सांगाड्याचा सांधा खरा की नुसता दिसण्यापुरता, हे करवतीच्या कापावर ठरते.

आज ओंडके गिरणीत चिरले जातात. घरातही सागाच्या फळ्यांऐवजी प्लायवूड, जिप्समचे तक्ते, सिमेंटचे पत्रे आले आहेत. तरीही वरील नियम सुटलेले नाहीत. प्लायवूडला बारीक दातांची करवत लागते, आणि सुरीने आधी रेघ कोरली तर वरचा पापुद्रा उडत नाही. जिप्समच्या तक्त्याला करवतही लागत नाही. सरळ पट्टी लावून वरचा कागद सुरीने चिरला आणि तक्ता मागे वाकविला की तो रेघेवर तुटतो. म्हणजे करवत गेली, पण रेघ राहिली! अ‍ॅस्बेस्टॉस असलेल्या सिमेंटच्या पत्र्यांवर मात्र करवत चालवूच नये. त्यांची धूळ फुप्फुसांत जाऊन बसते आणि तिचा रोग कित्येक वर्षांनी उमटतो. बाजारात आता कठीण केलेल्या दातांच्या करवतीही मिळतात. त्यांची धार दीर्घकाळ टिकते. पण गेल्यावर कानस त्यांना लागत नाही, करवत टाकूनच द्यावी लागते. त्यामुळे दात घासणारा हात कमी होत चालला आहे, आणि दात घासता घासता करवतीचा स्वभाव ओळखण्याची विद्याही.

सरळ काप हा बळाचा प्रश्न नव्हे. रेघ सुताने खरी केलेली असावी, दात दोन्ही बाजूंना सारखे असावेत, आणि हाताने त्या दोघांच्या कामात ढवळाढवळ करू नये. एवढे साधले की काप सरळ जातो, फळीला फळी भिडते, आणि तिच्याखाली माणसे निर्धास्त झोपू शकतात.