नावात जीवनसत्त्व, कामात टीसी

पावसाळा लागला की सोसायटीच्या ग्रुपवर पपईच्या पानांचा रस फिरायला लागतो. यंदा घाटकोपरच्या एका वाचकांनी निराळंच विचारलंय: डेंग्यूचा विषाणू ओळखणारं 'रिग-आय' हे प्रथिन 'अ' जीवनसत्त्वाने वाढतं म्हणे, मग गोळ्या सुरू करू का?

घोळ नावाचा आहे. शांघायच्या डॉक्टरांनी १९८०च्या दशकात एका रक्ताच्या कर्करोगावर रेटिनॉइक आम्ल वापरलं. हे आम्ल 'अ' जीवनसत्त्वापासूनच बनतं. ते कर्करोगी पेशींना मारत नाही, वयात आणतं! (मला याचं अजून अप्रूप वाटतं.) या आम्लाने पेशीत कोणती जनुकं जागी होतात हे शोधताना रिग-आय सापडलं, आणि त्यावरूनच त्याचं बारसं झालं. ते करतं काय, हे २००४ साली ताकाशी फुजितांच्या गटाने दाखवलं.

घाटकोपरला मेट्रोतून उतरून लोकलकडे जाणाऱ्या गर्दीत टीसी उभा असल्याची कल्पना करा. तो चेहरे बघत नाही, पास बघतो. आपल्या आरएनएच्या पुढच्या टोकाला रासायनिक टोपी असते, तो पास. टोकाला तीन फॉस्फेट उघडे असलेला दुपदरी आरएनए दिसला, की रिग-आय त्याला विळखा घालतं आणि बोंब ठोकतं. घराणं हेलिकेजचं, म्हणजे आरएनएचा पीळ सोडवणाऱ्यांचं, पण याचा खरा धंदा पहारेकऱ्याचा. डेंग्यूही बेरकी. तो स्वतःच्या आरएनएला बनावट टोपी घालतो, नकला पेशीतल्या पडद्यांच्या खोबणीत बसून काढतो, आणि पीळ सोडवायला स्वतःचं हेलिकेज बाळगतो.

बोंब ठोकली की इंटरफेरॉन सुटतं आणि आजूबाजूच्या पेशींतही रिग-आय वाढतं. एका टीसीने शिट्टी मारावी आणि प्रत्येक जिन्यावर टीसी उभे राहावेत, तसं. या इंटरफेरॉनचं श्रेय १९५७च्या आयझॅक्स-लिंडेनमन जोडीला मिळतं. जपानच्या नागानो आणि कोजिमा यांनी विषाणूला अडवणारा असा घटक १९५४मध्येच, फ्रेंच नियतकालिकात, नोंदवला होता. ती नोंद कुणी फारशी वाचली नाही.

तेव्हा गोळ्या नकोत. काचपात्रातल्या कर्करोगी पेशीवर टाकलेलं आम्ल वेगळं, जेवणाच्या ताटातलं जीवनसत्त्व वेगळं. बाळांना दर सहा महिन्यांनी 'अ'चा डोस पाजतात तो कमतरता टाळायला. जास्तीचं 'अ' यकृतात साचतं, आणि गरोदरपणी तर गर्भालाच धोका. रिग-आयचं बारसं करणाऱ्यांनी त्या पेशींवर आधी इंटरफेरॉनचा थेंब टाकला असता, तर हे पत्र आलंच नसतं.