दुरुस्त केलेला सैनिक तोच राहतो का?

तादात्म्य, म्हणजे एखादी वस्तू काळाच्या ओघात 'तीच' राहते म्हणजे नेमकं काय, हा आपला विषय. उदाहरण मात्र आज खेळण्यांचं घेऊ. हसू नका! जुन्या ॲक्शन फिगर जमवणारे आणि दुरुस्त करणारे लोक या प्रश्नाला रोज हात घालतात.

थोडा इतिहास. अमेरिकेत हॅस्ब्रो कंपनीने 1964 मध्ये जी. आय. जो हा बारा इंची सैनिक बाजारात आणला. मुलगे 'बाहुली' घेणार नाहीत, म्हणून 'ॲक्शन फिगर' असा नवा शब्द काढला. 1982 मध्ये तोच जो पावणेचार इंचांचा होऊन परत आला. आपल्याकडे फनस्कूलने हे सैनिक बनवले. काहींचे रंग मूळ अमेरिकन सैनिकांपेक्षा वेगळे होते, म्हणून परदेशातले संग्राहक आजही ते शोधतात.

आता याची रचना बघा. पाठीवर एक स्क्रू असतो. तो काढला की छाती-पाठ वेगळी होते, डोकं नि हात सुटतात. आत एक काळी रबरी रिंग असते. तिचं एक टोक पायांना जोडणाऱ्या धातूच्या हुकात, दुसरं धडातल्या स्क्रूच्या खुंटीभोवती. सगळा सैनिक या रिंगवर उभा! रबर वर्षानुवर्षं वाळतं, एक दिवस तुटतं आणि कंबरेपासून दोन तुकडे होतात. नवी रिंग घातली की सैनिक पुन्हा उभा. फक्त ती फार घट्ट नको, नाहीतर ताण कंबरेच्या पातळ प्लास्टिकवर येतो आणि तिथेच तडा जातो.

रिंग बदलली म्हणून सैनिक बदलला, असं कुणीच म्हणत नाही. पण अंगठा तुटला म्हणून दुसऱ्याचा हात लावला तर? रंग उडाला म्हणून नवा दिला तर? पिवळं पडलेलं प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उजेडात ठेवलं तर? ते पांढरं होतं खरं, पण पुन्हा पिवळं पडू शकतं.

प्लुटार्कने थीसियसच्या जहाजाची गोष्ट सांगितली आहे: एकेक फळी बदलत गेली, मग जहाज तेच का? सतराव्या शतकात हॉब्सने त्यात भर घातली. काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जोडून दुसरं जहाज केलं, तर खरं कुठलं? आपल्याकडे 'मिलिंदप्रश्न' या ग्रंथात नागसेन रथाबद्दल असंच विचारतो. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे. 'रथ' हे त्या सगळ्यांच्या जुळणीला दिलेलं व्यवहारातलं नाव.

संग्राहकाकडे हॉब्सचं कोडं प्रत्यक्षात घडतं, कारण दोन मोडक्यांतून एक धड करणं ही इथली नेहमीची रीत. 1982 च्या सैनिकांचे हात साधे होते. 1983 पासून कोपराच्या वर फिरणारे हात आले. आता 1982 च्या धडाला 1983 चे हात लावले, तर सैनिक दिसतो छान, पण तो असा कारखान्यातून कधी निघालाच नव्हता. तो सांगतो तो इतिहास घडलेलाच नाही.

म्हणून 'तोच आहे का?' याला एकच एक उत्तर नाही, असं माझं मत आहे. उत्तर आपण त्या वस्तूकडून काय मागतो यावर ठरतं. मुलाला खेळायचं असेल तर कुठलेही हात चालतील. पण जो 'मूळ' म्हणून पैसे मोजतो, त्याला ते हात फसवतात. नवी बनवलेली नकली बंदूक हातात देणं हा गुन्हा नव्हे. ती नकली आहे हे न सांगणं, ही लबाडी.

यातून तीन प्रश्न हाती लागतात. जो भाग बदलला तो मुळात झिजण्यासाठीच होता का? केलेलं काम पुन्हा उलटवता येईल का? आणि पुढच्या माणसाला ते कळेल का? रिंग तिन्हींत पास होते. नवा रंग बहुधा नापास.

तेव्हा दुरुस्ती जरूर करा. काढलेले भाग छोट्या पिशवीत ठेवा, आणि काय बदललं, कधी बदललं, याची चिठ्ठी सोबत ठेवा. सैनिक स्वतः बोलत नाही. त्याच्या वतीने खरं बोलायची जबाबदारी आपली.