शेवळं विमानात बसत नाहीत!

पहिला पाऊस पडला की शहापूर-मुरबाडच्या रानातली शेवळं कल्याण-ठाण्याच्या बाजारात येतात. जोडीला काकडं हवीतच, नाहीतर घशाला खाज ठरलेली! ही भाजी खात वाढलेला पोरगा एमएस करायला अमेरिकेला निघतो, तेव्हा बॅगेत लोणचं मावतं, मसाला मावतो. शेवळं मात्र इथेच राहतात. आणि तिकडे लायब्ररीतून रूमवर परतताना नेमकी तीच आठवतात. घसा दाटतो तो मात्र खाजेने नव्हे!

होमसिक होणं म्हणजे रडूबाईपणा नाही, बरं का. आपल्या कल्याणला वाढलेल्या आनंदीबाई जोशी आठवा. एप्रिल १८८३ मध्ये, जेमतेम १८ व्या वर्षी त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. न्यूयॉर्क गाठायला जून उजाडला. फोन नाही, पत्राच्या उत्तरासाठी कित्येक आठवडे वाट पाहायची. त्यांनी साडी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कारपेंटरबाईंना त्यांनी मावशी मानलं. परक्या गावात हक्काचं एक घर मिळालं!

मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या. पण थंडी आणि क्षयाने शरीर पोखरलं होतं. २६ फेब्रुवारी १८८७ ला, २१ व्या वर्षी, पुण्यात त्या गेल्या. त्यांची रक्षा कारपेंटरबाईंनी न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीला, आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवली. नातं असं असतं!

मग तिकडे गेलेल्यांनी काय करावं? दिवसभर घरच्या व्हिडिओ कॉलला चिकटू नका, वेळ ठरवा. हिवाळ्यात फिलाडेल्फियात रात्रीचे नऊ म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेसात, आईच्या चहाची वेळ! आठवड्यातून एकदा वरण-भात लावा आणि शेजारच्या रूममधल्याला जेवायला बोलवा. झोप उडाली, जेवण सुटलं, तर 'मी मजेत' म्हणत बसू नका. युनिव्हर्सिटीत समुपदेशक असतात, सरळ जा.

आणि इथे एसी ऑफिसात बसलेल्या तुम्ही-आम्ही? परदेशातल्या मित्राला 'मजा आहे बुवा तुझी!' म्हणण्याआधी एकदा 'जेवलास का?' विचारा. शेवळ्यांचा फोटो नंतर पाठवा.