आक्रीत

परभणीहून मनमाडकडे निघालेल्या गाडीला मानवत रोड स्थानक लागते. आपण परभणीचे, असे सांगितले की परगावची माणसे अजूनही मला मानवतचेच विचारतात. १९७२ च्या नोव्हेंबरात, ऐन दुष्काळात, तेथे मुली व स्त्रियांचे खून पडू लागले. तपासासाठी मुंबईहून रमाकांत कुलकर्णी आले. गुप्तधन, अपत्यप्राप्ती, नरबळी हे शब्द चावडीपासून न्यायालयापर्यंत ऐकू आले.

या प्रकरणावर बेतलेला 'आक्रीत' हा चित्रपट १९८१ साली निघाला. लेखन विजय तेंडुलकरांचे, दिग्दर्शन अमोल पालेकरांचे. वर्गात मी 'आक्रीत' या शब्दाचा अर्थ सांगतो: कधी न घडलेले, न ऐकलेले. चित्रपट पाहताना मात्र तो अर्थ डळमळू लागतो. यातल्या रुहीला हवे असते काय? मूल! ही इच्छा कुणाच्या घरी नाही? तिच्यासाठी नवस कुणी बोलले नाहीत? त्याच ओळखीच्या इच्छेपायी दुसऱ्या आईची पोर नाहीशी होते. रुहीची कीव येते, आणि मग त्या कीवेचीच भीती वाटते.

२०१३ साली महाराष्ट्रात नरबळी व जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला. २०२४ साली 'मानवत मर्डर्स' ही मालिका आली, तेव्हा आमच्या घरीही उद्गार निघाला, "काय हे आक्रीत!" मला वाटते, हा शब्द जरा जपूनच वापरावा. आक्रीत म्हटले, की आपले अंगण त्यातून अलगद सुटते.