नोंदीच्या पत्रांना नावाची यादी



ऊस नोंदीची दुरुस्ती हल्ली कोणी ई-मेलनेही कळवतो. आडसाली, सुरू, खोडवा अशी सारी पत्रे एकाच ढिगात पडली, की एखादी लागण तारीख चुकीचीच राहते. मग तोड लांबते आणि वजनात मार बसतो.

यावर १९७९ साली अमेरिकेतल्या रँड संस्थेत 'एमएच' नावाची सोय तयार झाली. तिचा पुढचा अवतार 'एनएमएच' आजही फुकट मिळतो. त्यात प्रत्येक पत्राची वेगळी फाईल व तिला क्रमांक असतो. काम टाईप केलेल्या हुकमाने चालते. 'मार्क' हुकमाने १२ व १५ नंबरची पत्रे 'खोडवा' या यादीत घालायची. नाव मात्र इंग्रजी अक्षरांत. पुढे 'शो खोडवा' म्हटले, की तेवढीच पत्रे समोर येतात.

पत्र जागचे हलत नाही. ऊस फडात, नोंद रजिस्टरात, तसेच हे. म्हणून एकच पत्र 'खोडवा' आणि 'तक्रार' अशा दोन्ही याद्यांत बसते. यादीतून नंबर काढला तरी पत्र शाबूत राहते.

'पिक' हा हुकूम पत्राच्या विषयातला शब्द शोधून यादी करतो. तेव्हा विषयाच्या ओळीतच गाव, गट नंबर, उसाचा प्रकार व लागण तारीख लिहावी. नुसते 'अर्ज' लिहिलेले पत्र कोणत्या यादीत शोधायचे?